गाळणी तुंबली आणि संशय मामांवर

मैत्रिणींनो, आपल्या फिरत्या वहीत आज माझी चूक लिहिते.

मी शिकवते त्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मासे ठेवलेल्या टाकीत पाणवनस्पती पिवळ्या पडत होत्या. पंप चालू असूनही गाळणीतून पाणी जेमतेम फिरायचं. शिपाई शिवप्पामामांना पंपाची घरघर आवडत नाही, म्हणून तेच गाळणीतलं पाणी फिरवणाऱ्या हवेच्या नळीचा चिमटा आवळतात, अशी माझी खात्री झाली. चिमट्यावर मी शाईची खूण केली. खूण जागची हलली नाही, तरी संशय जाईना. आज सकाळी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली.

मामांनी सगळ्यांसमोर गाळणी उघडली. आत मी घरच्या मागावरचं सूत भरलं होतं. त्यांनी ते पिळलं.

"बाई, ह्या सुताला खळ हाय की! चिकाट झालंय सगळं. पाणी जायाचं कुटनं? विणकराची लेक तुमी, एवढं कळंना व्हय?"

साधा कापूस सैल भरला आणि पाणी फिरू लागलं.

मी तिथंच त्यांची माफी मागितली. पण गाळणी मीच भरली होती, तरी ती उघडून पाहावी असं मला एकदाही वाटलं नाही. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि मीही आधी शिपायाकडेच बोट दाखवलं. तुमच्याही मनात शिपायाचंच नाव आधी येतं का? खरं लिहा.