फाशीच्या माणसावर टाकलेला रुमाल

विस्तुला नदीकाठच्या आमच्या गावात खून करणाऱ्या सरदाराला बुरुजात बसवतात आणि घोडा चोरणाऱ्याला फासावर चढवतात. वर म्हणायचं, कायद्यापुढे सगळे सारखे. जळो तो कायदा! त्या बुरुजावर बिअर मीच पोचवते, म्हणून सांगते.

सरदार वोल्स्कीनं दारूच्या नशेत एका गिरणीवाल्याला कापलं. शिक्षा काय, तर वर्षभर वरच्या मजल्यावर मुक्काम. गालिचे, वाजंत्री, शिकारी कुत्रे, सगळं सोबत. स्वयंपाकाला आमच्या शेजारची आपोलोनिया. आईबाप नसलेली पोर, पण तोंडाची फटकळ, आणि कोबी-मांसाचा रस्सा असा करायची की पाद्रीबुवाही भांडं पुसून खायचे. त्याच बुरुजात वोल्स्कीनं तिची अब्रू लुटली. तिचा प्रियकर बार्तोश सरदाराचाच मोतद्दार, घोडे सांभाळणारा. हे कळल्यावर तिला घेऊन पळायला त्यानं सरदाराचा घोडा सोडला, आणि वेशीवरच सापडला.

आमच्याकडे एक जुनी चाल आहे. फाशीच्या माणसावर एखाद्या कुमारिकेनं आपला रुमाल टाकून ‘हा माझा’ म्हटलं, की तो सुटतो. मग तिनं त्याच्याशी लग्न करायचं.

“अगं, पण तू आता...” मी चाचरले.

“मावशी, चोरानं नेलं, ते मी दिलं असं होतं का?”



चौकात तिनं बार्तोशच्या डोक्यावर रुमाल टाकला. “हा माझा!” लोकांनी एकच गिल्ला केला, जल्लादानंही दोर सोडला. न्यायाधीशांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, “मुलगी कुमारिका आहे ना? कुणाची हरकत?”

बुरुजाच्या खिडकीत वोल्स्की उभा होता, हातात माझीच बिअर. “ती होय? मला विचारा की!”

“त्यानं जबरदस्ती केली!” आपोलोनिया किंचाळली. “देवाशपथ सांगते!”

“सरदारांवर आळ घेतेस? तोंड सांभाळ,” न्यायाधीश म्हणाले. “कुमारिका नाहीस हे कबूल केलंस, तेवढं पुरे.”

रुमाल काढला तेव्हा बार्तोश लहान पोरासारखा रडत होता. तसाच त्याला लटकवला.

खोटेपणाबद्दल तिला फटक्यांची शिक्षा झाली. तेवढ्यात वरून आवाज आला, “अहो, फटके राहू द्या. हिची पाठ सुजली तर माझं जेवण कोण करणार?”

फटके माफ झाले. “सरदार मनानं मोठे हो,” शेजारचा खाटीक म्हणाला, आणि बायांनी माना डोलावल्या. शिपायांनी तिला दंडाला धरलं आणि बुरुजात नेलं, त्याच्याच चुलीपुढे.