चाकणची घोंगडी आणि देशाचा प्रश्न

बोटीने मुंबई, मुंबईहून पॅसेंजरने खंडाळ्याचा घाट, आणि उजाडता उजाडता चिंचवड स्टेशन. देवगडहून निघालो तेव्हा आई म्हणाली, "एका भाषणासाठी एवढा प्रवास? इथे काय कमी बोलतोस?" पण तिला काय सांगणार, मला बोलावणे आले होते. आमच्या वाचनालयाच्या वादविवाद मंडळात गेली काही वर्षे मी ज्यांचे डोके खात आलो, त्या तुम्हा सर्वांना सोडून चक्क देशावरच्या चाकण गावाला माझे भाषण ऐकायचे होते. विषय तर असा की गाडीत डोळ्याला डोळा लागला नाही: आपल्या देशाने दूरच्या बलाढ्य राष्ट्रांच्या गटात सामील व्हावे का? मी ‘व्हावे’च्या बाजूने बोलणार होतो, आणि मनापासून.

गाडीतून उतरलो आणि पहिल्याच पावलाला उजव्या बुटाचा तळ सुटून मगरीसारखा आ वासून बसला. एवढ्यात समोरून तांबडा फेटा आणि झुपकेदार मिशा आल्या. हे हरिभाऊ, चाकणचे अडत्ये (शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून देणारे दलाल). गेल्या दिवाळीत मुंबईला त्यांनी माझे भाषण ऐकले होते. बूट पाहून ते हसले नाहीत, ही त्यांची थोरवी. त्यांनी आपल्या ट्रकमधून कांद्याच्या पोत्याची सुतळी काढली, खाली बसून माझा बूट करकचून बांधला आणि म्हणाले, "आता दिल्लीपातूर चाला, राव."

चाकणची वाट वेगळी, पण पाहुण्याला पिंपरीचा औषधाचा नवा सरकारी कारखाना दाखवल्याशिवाय हरिभाऊ सोडणार नव्हते. अहाहा, काय सांगू तुम्हाला. कालपरवापर्यंत जिथे माळ होता, तिथे पांढऱ्याशुभ्र इमारती, माणसाहून उंच चकचकीत टाक्या, आणि सकाळच्या शिफ्टला (पाळीला) निघालेली माणसांची रांग. फाटकावरचा पहारेकरी मोठ्या अभिमानाने म्हणाला, "यंत्रं सायबाच्या देशातून आली. चालवतात मात्र आपली पोरं." मला तर उड्या माराव्याशा वाटल्या. माझे अर्धे भाषण तिथे फाटकातच तयार झाले.

पुढचा प्रवास रिकाम्या ट्रकात, ड्रायव्हरशेजारी. भोसरी म्हणजे कौलारू घरे, एक तालीम आणि सभोवार ज्वारीची काढून झालेली वावरे (शेते). मोशीजवळ इंद्रायणी ओलांडली. हिरवळीला सरावलेल्या आपल्याकडच्या डोळ्यांना तो उघडा मुलूख आधी भकास वाटतो, पण घटकाभरात त्या मोकळेपणाचीच चटक लागते. चाकण दिसण्याआधी नाकाला कळले. भुईकोट किल्ल्याच्या पडक्या तटापासून बाजारापर्यंत जिकडे तिकडे कांदाच कांदा, आणि बैलगाड्यांची ही रीघ.

हरिभाऊंच्या घरी जेवलो. बाजरीची भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा. कांदा चिरायचा नाही, बुक्कीने फोडायचा. मी फोडायला गेलो तर तो माजघरात उडाला आणि हाताला झिणझिण्या आल्या. जेवताना हरिभाऊंनी हळूच खरी गोष्ट सांगितली. मुंबईचे एक मोठे कांदा व्यापारी अध्यक्ष म्हणून यायचे होते. सगळे त्यांना शेठ म्हणत. त्यांनी मुंबईत व्यापाऱ्यांचे एक मंडळ काढले होते. चाकणच्या शेतकऱ्यांनी त्यात यायचे आणि मग कांदा फक्त मंडळालाच द्यायचा, दुसऱ्या कुणाला नाही. आजच्या सभेनंतर करारावर अंगठे घ्यायचे ठरले होते.

"शेठ म्हनले, आधी देशाचं पटलं की घरचं पटायला सोपं जातं," हरिभाऊ म्हणाले. "म्हनून तुमचं भाषण."

"मग तुमचं काय मत?" मी विचारले.

"माझं कसलं मत? माझी वखार शेठच्या जिवावर चालती." आणि त्यांनी मला आग्रहाने अजून एक भाकरी वाढली.

एरवी मी चिडलो असतो. पण खरे सांगतो, माझ्या भाषणाने एवढे काही घडणार या कल्पनेनेच मी फुगलो होतो.

सभा दुपारी बाजाराच्या पटांगणात भरली. शेठ मोटारीतून आले, पांढरेशुभ्र, गोड बोलणारे. माझ्याविरुद्ध गावच्या शाळेचे पाठक मास्तर होते. मी सुटलो. गहू बाहेरून येतो, पोलाद बाहेरून येते, पिंपरीची यंत्रे बाहेरून आली. एकट्या बैलाला नांगर ओढवत नाही, जोडी लागते. टाळ्या पडल्या. पाठक मास्तर उठले. किडकिडीत माणूस, आवाज बारीक. म्हणाले, "जोडी लागते, कबूल. पण पाहुणे, कासरा कुणाच्या हातात? पिंपरीला यंत्रं आली ती कुठल्या गटात न जाता आली. गटात गेलात की त्यांचं भांडण ते तुमचं भांडण. त्यांची लढाई, तुमची पोरं." यावर टाळी पडली नाही, पण मागे बसलेली माणसे पुढे सरकली.

तेवढ्यात रखमाजी नावाचे एक म्हातारे शेतकरी उभे राहिले. "पाव्हणं, मला येकच सांगा. गटात गेलो आन पुढं निघावं वाटलं, तर निघू देत्यात का?"

मला गहू ठाऊक होता, पोलाद ठाऊक होते, हे ठाऊक नव्हते. रखमाजी प्रश्न मला विचारत होते, पण पाहत होते शेठकडे.

शेठ हसत म्हणाले, "चला, मत घेऊ. ज्यांना सामील व्हावंसं वाटतं त्यांनी हात वर करा." सगळे एकमेकांकडे बघू लागले. ज्याला कांदा विकायचा, त्याच्यासमोर हात खाली ठेवायची हिंमत कोण करील? रखमाजी पुन्हा बोलले. "हात नगं. हत्ता करा."

हत्ता म्हणजे काय ते सांगतो. इथे कांद्याचा भाव तोंडाने ठरत नाही. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात धरतात आणि बोटे दाबून भाव ठरवतात. ज्याचा कांदा, तो शेतकरी शेजारी उभा असतो आणि त्याला काही कळत नाही. रखमाजी म्हणाले, "आमच्या मालाचा भाव आमाला न दावता ठरतुया. आज आमचं मत तुमाला न दावता ठरू द्या. पाव्हण्याच्या हातात बोटं दिऊ. ते आजच जायाचे, त्यांना आमच्याशी ना देनं ना घेनं."

पटांगणात अशी खसखस पिकली की शेठना नाही म्हणता येईना. माझ्या मांडीवर एक मोठी घोंगडी पसरली, तिच्याआड दोन टोपल्या ठेवल्या. एक बोट म्हणजे व्हावे, दोन म्हणजे नको. प्रत्येकाने समोर बसायचे, घोंगडीखाली बोटे द्यायची, आणि मी आतल्या आत त्या त्या टोपलीत एक लहान कांदा टाकायचा. बसलो. काय ते हात, महाराज! खरबरीत, भेगाळलेले, काही थंडगार. चेहरे मात्र दगडी. तोंडाने ‘रामराम पाव्हणं’ म्हणत आणि खाली दोन बोटे अशी दाबत की माझे हाड मोडावे. मी माझ्याच विरुद्ध कांदे टाकत होतो आणि, विश्वास ठेवा अथवा नका ठेवू, मला आनंदाने भरून येत होते.

शेवटी हरिभाऊ बसले. शेठ त्यांच्या पाठीशीच उभे होते. हरिभाऊंनी घोंगडीखाली हात घातला आणि दोन बोटे दिली. मी दचकून वर पाहिले. ते शांतपणे मिशांवरून हात फिरवत होते.

कांदे मोजलेच नाहीत. टोपल्या तागडीला (मोठ्या तराजूला) लावल्या आणि ‘नको’चे पारडे धपकन जमिनीला टेकले. माणसे नुसती एकमेकांकडे पाहून हसू लागली. त्या दिवशी एकही अंगठा उठला नाही. पाठक मास्तरांनी मला कडकडून मिठी मारली, जणू मीच जिंकलो होतो.

शेठनी मात्र फार अगत्याने मला चिंचवडपर्यंत मोटारीतून सोडायची तयारी दाखवली. पुढे ड्रायव्हरजवळ हरिभाऊ, मागे शेठ आणि मी. चाकण मागे पडल्यावर शेठ म्हणाले, "फार छान बोललात. मुंबईत तुमचं व्याख्यान ठेवू, मोठ्या सभागृहात. फक्त दोनवाले कोण कोण होते ते जरा सांगा. नावं ठाऊक नसली तर नुसतं वर्णन करा. हरिभाऊ आपलेच आहेत, ओळख ते पटवतील."

मुंबईचे सभागृह! लोकहो, तुम्ही मला ओळखता. माझ्या तोंडाला पाणी सुटले, खोटे कशाला बोलू. पण ते भेगाळलेले हात अजून तळहातावर होते. एक नाव गेले असते तर त्या माणसाचा कांदा वावरातच सडला असता. मी म्हणालो, "शेठ, घोंगडीखालचं घोंगडीखालीच राहू द्या."

"मग तुम्हाला इथूनच चालत जावं लागेल," शेठ तितक्याच गोडीने म्हणाले, आणि मोशीच्या माळावर मोटार थांबली. मी पिशवी घेऊन उतरलो. ऊन उतरले होते. मोटार निघणार इतक्यात पुढचे दार उघडले.

"शेठ, पाव्हण्याला कशापायी तरास देताय?" हरिभाऊ म्हणाले. "येक नाव मी देतो. हरी अडत्या."

तेही उतरले. मोटार धुरळा उडवत गेली. हरिभाऊंची वखार त्या मोटारीबरोबरच निघून चालली होती, हे मला कळत होते.

"आता हो?" मी विचारले.

"आता चिंचवड. लई लांब न्हाई." आणि चालू लागले. मग आपणहून म्हणाले, "घोंगडीखाली बोटं दिल्यापास्नं ती वळवळत हुती, राव. वर काढल्याबिगर ऱ्हावंना." भोसरीच्या पुढे एका बैलगाडीने आम्हाला घेतले, आणि स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत हा माणूस मला भजी खाऊ घालत होता.

आता वाचनालयात तुम्ही विचारणार, मग देशाने गटात जावे की नाही? मला अजूनही पिंपरीची यंत्रे आवडतात. गहूही हवा, पोलादही हवे. पण यापुढे या विषयावर उभा राहिलो तर आधी रखमाजींचा प्रश्न विचारीन. आणि कुणी म्हणालेच की बलाढ्यापुढे लहानाला ‘नको’ म्हणता येत नाही, तर मी सांगेन, मी एक माणूस पाहिला आहे. दुपारी त्याला ‘नको’ म्हणायला घोंगडी लागली, आणि संध्याकाळी लागली नाही.