घाटाखालचा मार्कर

मी मार्कर होतो. आता या शब्दाचा अर्थ सांगावा लागतो. साहेब लोकांच्या क्लबात टेनिस खेळायला पगारावर ठेवलेला माणूस म्हणजे मार्कर. सकाळी कोर्ट तयार करायचं, संध्याकाळी साहेबांना खेळवायचं आणि शेवटी त्यांच्या लक्षात येऊ न देता हरायचं. चेंडू जाळीत घालायचा तोही असा, की साहेबाला ती आपल्याच फटक्याची करामत वाटावी. महाराष्ट्र नवा झाला होता, साहेब बदलत होते. आमची हरण्याची पद्धत तीच होती.

जिंकायची मुभा वर्षातून एकदा. आमचा क्लब घाटावर. घाटाखाली कापसाच्या जिनवाल्या शेटांचा क्लब होता, त्यांचाही एक मार्कर होता. थंडीत दोन्ही क्लबांचे सामने व्हायचे आणि शेवटी आम्ही दोघं एकमेकांविरुद्ध. जिल्ह्यात आमच्या तोडीचा तिसरा नव्हता. त्या दिवशी हातचं राखून खेळायचं कारण नसे. रीत अशी, की हरलेल्या मार्करने सामन्यानंतर कोर्टावर दगडी रूळ ओढायचा आणि जिंकलेल्याने साहेबांच्या रांगेत खुर्चीवर बसून चहा घ्यायचा.

मी ओळीने तीन वर्षं रूळ ओढला.

तो घाटाखालचा मार्कर माळ्याचा, बुटका, डावखुरा. सर्व्हिस टाकली की जाळीकडे धावत सुटायचा आणि मधल्या रेषेशी ठरलेल्या जागी उजवा पाय रोवून वळायचा. मी मागे राहून खेळणारा. तिसऱ्या वर्षी माझे सासरे पाहायला आले होते. मी रूळ ओढू लागलो तसा तो खुर्चीवरून ओरडला, “खींच बे बैला! पाव्हण्यायले दिसू दे, जावई काय कामाचा हाय!” साहेब हसले. शेट हसले. सासरे त्या रात्री माझ्याकडे जेवले, पण माझ्याशी बोलले नाहीत. सकाळच्या मोटारीने निघून गेले.

ते वर्ष मी कसं काढलं ते मलाच माहीत. साहेबांना जिंकवताना माझ्या डोळ्यांपुढे तो असायचा, रुळाच्या दांडीला जुंपलेला.

चौथ्या वर्षी सामना आमच्या कोर्टावर होता. कोर्ट मुरमाचं. मुरूम चाळून पसरायचा, पाणी मारायचं, रूळ फिरवायचा आणि वरून शेणाचा पातळ काला द्यायचा. काला वाळला की खालचं काही दिसत नाही. त्याचा पाय कुठे पडतो हे त्याच्यापेक्षा मला जास्त पाठ होतं. दोन्ही बाजूंना त्या जागी मी वीतभर खणलं, सैल मुरूम भरला, वरून हाताने काला फिरवला. रूळ तेवढा भाग सोडून नेला. माझा पाय तिथे पडणार नव्हता. तसा माझा खेळच नव्हता.

पहिला सेट त्याने घेतला. एकदा पाय त्या जागी पडला आणि निभावला. मला वाटलं, कच्चं काम झालं. दुसऱ्या सेटमध्ये तो धावत आला, वळला आणि गुडघा एकीकडे, अंग दुसरीकडे. सुकी काडी मोडावी तसा आवाज झाला. आमच्या साहेबांनी विचारलं, “सोडतोस का?”

“नाही साहेब,” तो म्हणाला.

इथपर्यंतचं मी मनातल्या मनात पुष्कळदा कबूल केलं आहे. पुढचं कधी केलं नाही. मला नुसतं जिंकायचं असतं, तर मागच्या कोपऱ्यात चेंडू टाकून लवकर संपवता आलं असतं. मी मुद्दाम जाळीजवळ हळू चेंडू सोडत राहिलो. मला त्याला लंगडत धावताना पाहायचं होतं. आणि मजा येत होती.

सामना संपला. त्यांचे एक शेट म्हणाले, “राहू दे रे रूळ.” तो म्हणाला, “रीत हाय शेट.” पाय घासत त्याने रूळ ओढला. त्या जागी आल्यावर रूळ रुतला. त्याने अंगठ्याने मुरूम दाबून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात चहा होता. मी ओरडलो, “खींच बे बैला!”

सगळे हसले. रूळ मागे घेऊन त्याने ती जागा नीट दाबली.

गुडघा धरला तो धरलाच. न धावणारा मार्कर कोण ठेवणार? शेटांनी दुसरा आणला. इकडे मला रोज वाटे, आज आपल्याला जाब विचारायला बोलावतील. कुणी बोलावलं नाही.

परवा-परवा, कितीतरी वर्षांनी, कामानिमित्त घाटाखाली नांदुऱ्याला उतरलो. बाजारात तो दिसला. पाय सरळ पसरून भाजीच्या ढिगामागे बसला होता.

“काय देऊ, साहेब?” मला ओळखूनच म्हणाला.

मी उकिडवा बसलो. “ते कोर्ट मीच तसं केलं होतं.”

“मालूम हाय.”

“मंग सांगितलं काऊन नाही?”

तो मेथीवर पाणी शिंपडत होता. “सांगतलं असतं त काय झालं असतं बे? तुले हाकललं असतं. चार दिवस तोंड लपवलं असतं, दुसरीकडं चिकटला असता, अन् विसरला असता. म्या म्हटलं, नाही. बसू दे याले खुर्चीवर.”

“चूक झाली रे...”

“वांगे पाह्यजे का नाही? गिऱ्हाईक उभं हाय मांगं.”

घाट चढताना मोटारीत मला लाज वाटली असती तर बरं झालं असतं. मला संताप आला होता. इतकी वर्षं त्याने मला मुठीत धरून ठेवलं होतं, आणि पुढेही सोडायचा त्याचा विचार नव्हता.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. क्लबात सांगितलं. आता इथे लिहितो आहे. कुणी म्हणेल, मन मोकळं केलंस, बरं झालं. तसं नाही. त्याच्यापाशी राखून ठेवायला काही उरू नये, एवढंच मला हवं आहे. नांदुऱ्याकडचं कुणी हे वाचत असेल, तर त्यालाही वाचून दाखवा.