दुप्पट पॉइंट्ससाठी लांबवलेलं ऑपरेशन

क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्सवर विमानाचं तिकीट कसं काढायचं, हे मी या ग्रुपवर नेहमी सांगते. आज माझी चूक सांगते.

आईच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच ऑपरेशन करायला सांगितलं होतं. पण माझ्या कार्डावर या महिन्यापासून हॉस्पिटलच्या बिलाला दुप्पट पॉइंट्स मिळणार होते. तेवढ्या पॉइंट्समध्ये आम्हा दोघींची तिकिटं निघाली असती. आई कधी विमानात बसलेली नाही. म्हणून मी म्हटलं, "थोडं थांबूया." घरात पदवीधर मी एकटीच. आई लगेच म्हणाली, "तू शिकलेली हायस, तुला कलतं."

आज सकाळी पनवेलला डॉक्टरांनी डोळा तपासला आणि ते वैतागलेच. मोतीबिंदू फार पिकलाय, ऑपरेशन आता अवघड आहे, नजर कितपत येईल ते सांगता येत नाही. "इतके दिवस का थांबलात?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "मीच भीत होते, डॉक्टर. पोरीनं किती सांगितलं!"

आणि मी गप्प बसले.

सुकापूरला घरी परतताना रिक्षात विचारलं, "आई, खोटं का बोललीस?"

"तुला वरडले असते ना. आणि तुझं रडकं तोंड मला धड दिसतबी नाय," असं म्हणून ती हसली. मला हसता आलं नाही.

उद्या जाऊन डॉक्टरांना खरं सांगणार आहे. माझी चूक तिच्या नावावर राहायला नको. पण तुम्हालाही विचारते, पॉइंट्ससाठी तुम्ही घरातल्या कुणाला थांबवून ठेवलंय का?