शेजारच्या आजोबांचा सुती हट्ट

चाळीस वर्षं पॉलिस्टरवर पोट भरून पॉलिस्टरला इतक्या मनापासून शिव्या देणारा माणूस आमच्या शेजारच्या आजोबांशिवाय सबंध सुरतेत दुसरा सापडायचा नाही. धुळ्याकडून मिसरूड फुटायच्या वयात ते इथे आले आणि कतारगामच्या एका लूमच्या कारखान्यात कापडाचे ताके तपासायला बसले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कापड डोळ्यांखालून सरकतंय आणि यांचा अंगठा त्यावर फिरतोय. निवृत्त झाले तरी अंगठा काही निवृत्त झाला नाही. कोसाडच्या वसाहतीत आम्ही त्यांच्या समोरच्या खोलीत राहायला गेलो त्याच दिवशी, ओळख व्हायच्याही आधी, त्यांनी माझ्या नवऱ्याच्या नव्या शर्टाची कॉलर चिमटीत धरली, डोळे मिटून चोळली आणि म्हणाले, "हाई सूत नही, प्लास्टिक शे." मग नाव विचारलं. आम्ही बीडकडचे. त्यांची अहिराणी आम्हाला निम्मी कळायची, पण शर्टाचा अपमान झालाय एवढं पुरतं कळलं. नवऱ्याने तो शर्ट पुन्हा घातला तो थेट गावाकडच्या लग्नात, आजोबांपासून चारशे किलोमीटरवर.

त्यांचा मुलगा लूमवर, सून एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात धागे कापायला आणि मी एका साड्यांच्या दुकानात फोन घ्यायला. तेव्हा त्यांची साडेतीन वर्षांची नात आणि माझी अडीच वर्षांची लेक या दोघींना आवरून पाळणाघरात पोचवण्याचं काम आजोबांनी स्वतःकडे घेतलं होतं. घेतलं होतं म्हणजे हिसकावलं होतं. सकाळी सहाला ते गॅलरीतून उजवा हात कोपरापर्यंत बाहेर काढत आणि डॉक्टरने नाडी बघावी तसे गप्प उभे राहत. फाल्गुन महिना हा त्यांच्या मते बारा महिन्यांतला सगळ्यांत लबाड. पहाटे तापीवरचा वारा अंगावर काटा आणतो, दुपारी तोच सूर्य डोक्यावर चढून बसतो. मी एकदा सहज म्हणाले, "आजोबा, होळी जळाली, थंडी पळाली." त्यावर ताडकन उत्तर आलं, "थंडी पळस, पन गल्लीना कोपरावर उभी ऱ्हास!" म्हणून मग मुलींच्या अंगावर तीन थर. आत सुती बनियन, त्यावर सुती झबलं, वर सुती कापडाचाच शिवून घेतलेला अस्तराचा कोट, आणि कानटोपी वेगळी. दोघी निघाल्या की गाठोड्यांना पाय फुटलेत असं वाटायचं. माझ्या लेकीचे हात तर अंगाला टेकतच नसत.

पण आजोबा न्यायाने वागणारे. जसा सूर्य चढेल तसा एकेक थर उतरला पाहिजे, हे त्यांना मान्य होतं. त्यासाठी त्यांनी बटणांना दोरे बांधले. कारखान्यात कापडात खोट दिसली की ते तिथे रंगीत दोरा लावून ठेवत, तीच पद्धत. कोटाच्या बटणाला लाल दोरा, तो उतरवायचा दहा वाजता; झबल्याच्या बटणाला हिरवा, ते बारा वाजता. पाळणाघर चालवणाऱ्या बेन गुजराती, स्वभावाने भल्या आणि अकरा पोरांनी पिचलेल्या. आजोबांनी त्यांना सगळी योजना अहिराणीतून समजावली. बेननी मान डोलावली, दहा वाजता इमानेइतबारे लाल दोरा काढला, बाराला हिरवा काढला, आणि कोट ठेवले जसेच्या तसे. चार वाजता आजोबा आणायला गेले तेव्हा दोन्ही मुली लालबुंद होऊन पंख्याखाली पडल्या होत्या आणि बेनच्या टेबलावर चार दोरे नीट गुंडाळून ठेवलेले होते.

इथवर हसण्यावारी गेलं असतं. मग गणवेश आला. बेननी तीन वर्षांवरच्या सगळ्या मुलांसाठी एकसारखे पिवळे टी-शर्ट आणले, प्रत्येकाला एक. आजोबांनी नातीचा हातात घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला. तरी खात्री पाहिजे म्हणून त्यांनी लूमवाल्यांची जुनी परीक्षा घ्यायची ठरवली, दोरा जाळून बघायची. सूत जळलं की राख होते, कागदासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळतं आणि टणक मणी होतो. रीत अशी की दोरा उपसून काढायचा आणि मग काडी लावायची. पण विणलेल्या टी-शर्टाचा दोरा काही सुटेना, आणि आजोबांना धीर निघेना. त्यांनी सरळ टी-शर्टालाच काडी लावली. परीक्षा शंभर टक्के यशस्वी झाली. पोटाजवळ रुपयाएवढं भोक पडलं आणि त्याच्या कडेने काळे मणी जमले. "बघा, मी काय म्हनत व्हतू!" असं म्हणत ते तोच टी-शर्ट पुरावा म्हणून बेनकडे घेऊन गेले.

बेनचा बांध फुटला. "दादा, मारे अगियार छोकरां छे, तमारी एक ज नथी!" म्हणाल्या, अकरा पोरं आहेत माझ्याकडे, तुमची एकटीच नाही. मग निकाल दिला. येत्या सोमवारपासून तुमची नात स्वतःचे कपडे स्वतः घालेल, स्वतः काढेल. एक टी-शर्ट, बाकी काही नाही. जमत नसेल तर दुसरं पाळणाघर शोधा. दुसरं पाळणाघर चालत जाण्याच्या अंतरावर नव्हतंच. सुनेच्या कारखान्याचं दार सकाळी साडेआठला बंद व्हायचं, दिवसभर पोरीमागे धावणं आजोबांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं, आणि नातीची जागा गेली की सुनेचं कामही गेलं. ती बिचारी नुसती पोळ्या लाटत राहिली, आणि त्या रात्रीच्या पोळ्या भलत्याच पातळ झाल्या होत्या, असं आजोबांनीच मला सांगितलं. "मनी चूक शे," म्हणाले. "मी शिकाडसू तिले."

त्या आठ दिवसांत मी त्या माणसाचा निश्चय पाहिला. भोकावर त्यांनी पिवळ्या सुती कापडाचं ठिगळ लावलं, आतून आख्खं सुती अस्तर शिवलं, पोरीच्या अंगाला पॉलिस्टर लागू देण्याइतकी माघार त्यांना परवडली नाही. आणि मग रोज सकाळी नात पुढ्यात उभी, टी-शर्ट जमिनीवर, आणि आजोबा स्वतःच्या दोन्ही तळहातांवर बसलेले. अक्षरशः. हात मोकळे राहिले तर ते मदतीला धावणार, हे त्यांना ठाऊक होतं. नातीचं डोकं बाहीत अडकायचं, आतून रडणं ऐकू यायचं, आणि हे मांडीखाली हात दाबून "वर, वर, उजवा हात!" एवढंच म्हणायचे. तिसऱ्या दिवशी ते कपाळावरचा घाम खांद्याला पुसत होते. पाचव्या दिवशी मी न राहवून पुढे झाले तर माझ्यावर खेकसले, "तू बी बस हातवर!" मी बसले. काय करणार?

सोमवारी नातीने मलाही दाराशी थांबवलं. "हुं जाते!" म्हणाली. म्हणजे, मी स्वतः घालणार. पाळणाघरात ती गुजरातीच शिकली होती. डोकं बरोबर गळ्यातून निघालं, दोन्ही हात आपापल्या बाहीत गेले. फक्त टी-शर्ट उलटा होता. आजोबांनी जिवापाड शिवलेलं अस्तर बाहेर जगाला दिसत होतं आणि पॉलिस्टर थेट पोरीच्या अंगाला. चाळीस वर्षं कापडाची उलट-सुलट बाजू ओळखण्यात गेलेल्या माणसाला ते दिसलं नसेल, हे शक्यच नव्हतं. त्यांचा अंगठा दोन बोटांवर नुसता फिरत राहिला. "चाल," एवढंच म्हणाले. बेननी उलटा टी-शर्ट पाहिला, आजोबांकडे पाहिलं आणि पोरीला आत घेतलं. जागा राहिली, सुनेचं काम राहिलं.

आता चैत्र लागलाय. नात सकाळी आपली आपण तयार होऊन बाहेर येते, आजोबांचं बोटसुद्धा धरत नाही, पुढे पळते. आजोबा सहाला उठतात खरे, पण करायला काही नसतं. मला त्यांच्याकडे बघून उगाच भरून येतं. म्हणून हल्ली मी माझ्या लेकीच्या झबल्याची बटणं लावतच नाही. तशीच उघडी समोरच्या दारात पाठवते. घाई असते, असं सांगते. परवा त्यांनी खाली बसून एकेक बटण लावलं, झबल्याची कड चिमटीत धरून बघितली, सुती निघाली, आणि मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत विचारलं, "तुले टाइम भेटस नही का, माय?"

"नाही ना, आजोबा," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे मंग," ते म्हणाले. "मी शे ना."