कळंबची मोरपंखी टिकली

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. माझा विश्वास आकड्यांवर. आणि राग कसला, तर शहरात कुठल्या गल्लीत चोऱ्या होतात ते लोकांना बघायला मिळत नाही याचा. हिसकावलेली वस्तू पोलिसांनी 'गहाळ' म्हणून लिहिली की चोरी झालीच नाही... वा रे हिशोब. आमच्याच टॅक्सवर गोळा केलेली माहिती आमच्यापासून का लपवायची?

म्हणून मी आणि माझी मैत्रीण स्नेहल, आम्ही वसई-विरारचा नकाशा फ्लेक्सवर छापून पापडीच्या बाजारात टांगला. जिचं काही हिसकावलं गेलं तिने त्या जागी टिकली चिकटवायची. पाकिटं आम्हीच आणलेली, सगळ्या टिकल्या लाल. नियम एकच — सांगणारी समोर हवी.

संध्याकाळी फ्लेक्स गुंडाळताना कळंबच्या किनाऱ्याजवळ एक मोरपंखी टिकली दिसली.

"ही कोणाची?"

"माझ्याकडे काय बघतेस? नियम तुझा," स्नेहल म्हणाली.

मी ती खरवडून गटारात टाकली. फ्लेक्स रात्रभर माझ्या पलंगाखाली होता. सकाळी उलगडला तर... तिथेच. तसलीच.

"बाई हट्टी दिसते," स्नेहल म्हणाली. "तुझ्यासारखी."

दुपारी फ्लेक्स घेऊन, रिक्षा करून आम्ही कळंबला गेलो. नकाशात टिकली होती त्याच वळणावर सुरूच्या झाडांखाली एक मावशी सुकट विकत बसल्या होत्या. मी सरळ विचारलं, "मावशी, इथे कोणाचं काही खेचून नेलं का?"

त्यांचा हात टोपलीतच थांबला.

"तुमाला कोनी सांगितलं? मी घरात पन बोलली नाय. गळ्यातली पोत पान्यात पडली म्हनून सांगितलं. नायतर मलाच ऐकवलं असतं, कशाला घालून बसलीस."

दोघे मोटारसायकलवरून आले होते म्हणे. मावशी स्वतः दिवाळीपासून पापडीला गेलेल्या नाहीत.

त्यांच्या कपाळावर मोरपंखी टिकली होती. हा रंग कुठल्याही दुकानात मिळतो, कळतं मला.

मी फ्लेक्स उलगडून दाखवला. वाटलं, म्हणतील काढून टाका, घरी कळेल. त्यांनी त्या टिकलीवर बोट ठेवलं.

"नाव लिवता काय?"

"नाही मावशी. फक्त जागा."

"मंग ऱ्हाऊ द्या. कुठंतरी दिसू दे तेवढं."

ती टिकली कोणी लावली, मला अजून कळलेलं नाही. स्नेहललाही नाही. तुम्हाला काही सुचत असेल तर सांगा, मी ऐकेन. तोवर टिकली तिथेच आहे... आणि सांगणारी समोर हवी, हा नियम आम्ही खोडलाय.