मावशी म्हण
सनस्क्रीनचा वास आला की अजून माझं टाळकं सरकतं. बाप गेल्यावर आईनं मला शिकायला म्हणून नगरच्या मिशनच्या अनाथाश्रमात ठेवलं होतं. एका मे महिन्यात परदेशातून एक कुटुंब दुभाष्या घेऊन तिथं सेवेला आलं. आई, बाप, दोन मुली, सगळ्यांच्या अंगाला तोच वास. आश्रमाच्या बाईंनी त्यांना खुशाल सांगितलेलं, या पोरींना जगात कुणी नाही. नेमकी त्याच दुपारी तिसगावहून माझी आई फडक्यात भाकरी-ठेचा बांधून आली. मी धावले, तर बाईंनी दंड धरला आणि दातओठ खात म्हणाल्या, "मावशी म्हण." आईनं ऐकलं. माझी शाळा सुटेल या भीतीनं ती पाहुण्यांकडं बघून हसली, "व्हय, मावशीच हाय मी हिची." मग त्या गोऱ्या बाईनं मला मांडीवर घेऊन रडत रडत फोटो काढून घेतला. म्हणे सेवा! माझी आई चपलांपाशी उभी होती. आजही पंगतीत कुणी हसत "माय मरो पण मावशी जगो" म्हणालं, की मी भरल्या ताटावरून उठते.